दुखतो खुबा, नाव गुडघ्याचं

मॅडम,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी अबू धाबीतल्या क्लिनिकमध्ये एका वयस्कर पेशंटला जिना चढायला शिकवत होते. हॉस्टेलच्या मैत्रिणीचा एका ओळीचा मेसेज होता. मी फोन खिशात टाकला आणि पेशंटला सांगितलं, चढताना चांगला पाय आधी. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी रडले नाही, घरी जाऊन कुणाला सांगितलंही नाही. तुम्ही कोण हे नवऱ्याला माहीत नव्हतं आणि लेक दुपट्यात होती. आता ती तेरा वर्षांची आहे, उंचीने माझ्या कानाला लागते, आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. गेल्या हिवाळ्यात तिच्या पायाचं जे झालं ते माझं इथे सगळ्यांना सांगून झालं आहे. खरं तर ते आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं. म्हणून लिहिते आहे.

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचा तो वर्ग मला अजून वासासकट आठवतो. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतायत, आम्ही सगळ्या कोऱ्या पांढऱ्या कोटात अवघडून उभ्या आहोत, आणि तुम्ही दारातून फळ्यापर्यंत चालत येता. डावा पाय टेकला की तुमचं अख्खं अंग डावीकडे कलतं, साडीच्या निऱ्या एका बाजूला झोल खातात. आम्ही माना खाली घातल्या. माझ्या घरची शिकवणच तशी होती. आमच्या खाडीकाठच्या गावात कुणाच्या पायात खोड असली तर तिकडे बघायचं नसे, विचारायचं तर नसेच. तुम्ही फळ्यापाशी थांबलात आणि म्हणालात, पुस्तक उघडू नका, मी कशी चालले ते सांगा. मग तुम्ही नेमकं मला विचारलंत. मी लादीकडे बघत पुटपुटले की मॅडम, तुम्हाला पायाचा थोडा त्रास आहे.

"त्रास माझा आहे, तो मी बघून घेईन," तुम्ही म्हणालात. "तुला मी चाल विचारली. लादीकडे बघून चाल कळत नाही. मान वर कर."

आणि तुम्ही परत दारापाशी गेलात, परत चालत आलात. माझे कान तापले होते. मला धड बघता येईपर्यंत तुम्ही वर्गासमोर येरझारा घालत राहिलात, आणि इतर पोरी कधी तुमच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी म्हटलं, डावा पाय टेकला की तुम्ही डावीकडे कलता, आणि डावं पाऊल बाहेर वळलेलं आहे. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. दिसलं ना, नाव पुढच्या आठवड्यात, एवढं म्हणून फळ्यावर कमरेचं हाड काढायला घेतलंत.

मग आठवडेच्या आठवडे आपण खुबा आणि पाय शिकलो. ढुंगणाचा मोठा स्नायू सगळ्यांना माहीत असतो कारण त्यावर आपण बसतो, तुम्ही म्हणायचात, पण सपाट जमिनीवर चालताना तो फारसा राबत नाही, त्याची गरज जिना चढताना आणि उकिडवं बसून उठताना. कण्यापासून पोटाच्या आतून मांडीपर्यंत उतरणारा स्नायू मांडी वर उचलतो. मांडीच्या पुढचे चार गुडघा सरळ करतात, मागचे तीन तो दुमडतात, पोटरी टाच उचलून शरीराला पुढे ढकलते. आणि या सगळ्यांत तुमचा लाडका होता तो खुब्याच्या बाजूचा, पंख्यासारखा पसरलेला, ग्लुटिअस मिडिअस. चालताना दर पावलाला माणूस क्षणभर एकाच पायावर उभा असतो. त्या क्षणी उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली पडायला हवी. ती पडत नाही, कारण टेकलेल्या पायाच्या बाजूचा हा स्नायू तिला ओढून धरतो. त्याला धरता आलं नाही तर माणूस तोल सांभाळायला आपलं धडच त्या बाजूला टाकतो. हे सांगताना तुम्ही दर वेळी स्वतःकडे बोट दाखवायचात, आणि हळूहळू आम्हाला तुमच्याकडे बघायची सवय झाली.

परीक्षेआधी तुमची हाडं परत करायला मी तुमच्या घरी आले होते. मांडीचं एक आणि कमरेचं एक, तुम्हीच अभ्यासाला दिलेली. ती खोलीत होती तोवर माझी रूममेट गॅलरीत गादी टाकून झोपली. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला कंबर टेकवून काकडी चोचवत होता. माझे रोजे चालू होते. तुम्ही पाणी विचारलंत आणि लगेच जीभ चावलीत. मग हात पुसले, माझे दोन्ही तळवे धरून स्वतःच्या खुब्याच्या दोन बाजूंना ठेवलेत आणि म्हणालात, मी चालते, तू मागून ये. त्या अरुंद स्वयंपाकघरात आपण दोघी फ्रिजपासून खिडकीपर्यंत गेलो. माझ्या उजव्या तळव्याखाली काहीतरी मुठीसारखं आवळायचं आणि सुटायचं. डाव्या तळव्याखाली जवळजवळ काहीच नाही. मी विचारलं, पोलिओ का? तुम्ही मान हलवलीत. वाढीच्या वयात तुमचा गुडघा दुखायला लागला होता. वर्षभर घरच्यांनी त्याला तेल चोळलं, शेक दिला, लेप लावले. गुडघा चांगलाच होता. मांडीच्या हाडाचं वरचं गोल डोकं, जे खुब्याच्या वाटीत बसतं, ते हाडाच्या मानेवरून सरकलं होतं.

"एकच नस खुब्यालाही फांदी देते आणि गुडघ्यालाही," तुम्ही म्हणालात. "दुखतो खुबा, आणि पोर नाव सांगतं गुडघ्याचं. पोराने गुडघा दाखवला की तू खुब्याला हात लाव. माझ्या आईला हे सांगणारं कुणी नव्हतं."

तुम्ही परत काकडीकडे वळलात. मी चपला घालून खाली आले आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेकडे बघत हॉस्टेलवर गेले.

तर गेला हिवाळा. माझ्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं म्हणून मी रत्नागिरीला गेले होते. इथे खलिफा सिटीतल्या घरी लेक आणि नवरा. त्याचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, पण त्या दिवसांत तो लेकीला शाळेत सोडून मगच तिकडे जायचा, आणि संध्याकाळी येऊन तिच्यासाठी काहीबाही रांधायचा. मी रोज व्हिडिओ कॉल करत होते. लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली असायची, हसायची, नानांची, म्हणजे माझ्या बाबांची, तब्येत विचारायची. व्हिडिओ कॉलवर कुणी चालत नाही, मॅडम.

परतीची फ्लाइट दुपारी उतरली. ट्रॉली ढकलत मी बाहेर आले, तर गर्दीतून लेक माझ्याकडे येताना दिसली. शाळेचा ट्रॅकसूट, हातात माझ्यासाठी कॉफी. डावा पाय टेकला की तिचं धड डावीकडे जात होतं. डावं पाऊल बाहेर वळलेलं होतं. अबू धाबीच्या त्या लखलखीत फरशीवर तुमची चाल माझ्याकडे चालत येत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला बघून झालेला आनंद होता. मी तिथूनच ओरडून तिला थांबायला सांगितलं. तिला वाटलं मी गंमत करतेय, ती आणखी भराभर यायला लागली. मी ट्रॉली सोडून पळत गेले आणि तिला दोन्ही काखांत हात घालून धरलं. कॉफी दोघींच्या अंगावर सांडली.

नवरा मागून आला. मी विचारलं, ही कधीपासून अशी चालते? त्याने सांगितलं, गुडघा दुखत होता, त्याने दाखवून आणलं, एक्स-रे काढला, वाढीच्या वयातलं दुखणं आहे म्हणाले. मला आधीच बाबांची काळजी, त्यात हे कशाला, म्हणून दोघांनी मिळून फोनवर सांगितलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळांच्या स्पर्धेत तिची रिलेची फायनल होती. पेनकिलर घेऊन ती पळणार होती. मी जवळून जाणाऱ्या माणसाला व्हीलचेअर आणायला सांगितली. लेकीचा चेहरा उतरला.

"मम्मा, प्लीज. एव्हरीवन इज लुकिंग."

मी म्हटलं, बघू दे. नवरा मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात बोलायला लागला. तू आत्ता उतरलीयेस, दमलीयेस, हॉस्पिटलमधून आलीस म्हणून तुला सगळीकडे आजार दिसतोय. घरी जाऊ, जेवू, उद्या बघू. त्याचं काही चुकत नव्हतं. त्याने कामाचा खाडा करून डॉक्टर गाठला होता, हातात रिपोर्ट होता.

"एक्स-रे नॉर्मल आहे," तो म्हणाला.

"गुडघ्याचा," मी म्हटलं.

मला काय दिसत होतं ते त्याला तिथे उभ्या उभ्या कसं सांगणार? मांडीच्या हाडाच्या त्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरा मानेवरूनच वर जातात. डोकं हळूहळू सरकत असेल तर त्या ताण सोसून घेतात. पण पळताना, उडी मारताना, नुसतं जिन्यावरून पाय घसरून ते एका झटक्यात सरकलं, तर त्या तुटू शकतात, आणि मग आतलं हाड मरायला लागतं. माझी लेक रोज शाळेचे जिने चढत होती. रोज संध्याकाळी सराव करत होती. त्या क्षणी तर ती व्हीलचेअरमध्ये बसायलाही तयार नव्हती. डावा पाय जमिनीला टेकवून ती चिडून उभी होती, आणि मी तिच्या त्या पायाकडे गॅसवरच्या दुधाकडे लावावी तशी नजर लावून होते. शेवटी तिच्या बापानेच तिला उचलून खुर्चीत ठेवलं. माझं त्याला पटलं होतं असं नाही. मी रडायच्या बेतात आहे हे त्याला दिसलं होतं.

पार्किंगमध्ये गाडीचं मागचं दार उघडून मी तिला सीटवर आडवी केली. आधी उजवा पाय. मांडी धरून पोटाकडे दुमडली, गुडघा सरळ छातीकडे आला. मग डावा. फार सावकाश, तिच्या चेहऱ्याकडे बघत. थोडं वर येईपर्यंत ठीक होता, आणि मग तो माझ्या हातातच बाहेर वळायला लागला, छाती सोडून काखेच्या दिशेने. मी वळवत नव्हते. नवरा दारात वाकून बघत होता. मी त्याला म्हटलं, मी काही करत नाहीये, तो आपोआप जातोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. पुढे जाऊन स्टिअरिंगला बसला, यल्ला, चला, म्हणाला, आणि घराचा रस्ता सोडून हॉस्पिटलच्या दिशेने गाडी घातली. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो गाडी जवळजवळ थांबवत होता.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होती. तिने गुडघा दाबून पाहिला, जुना रिपोर्ट पाहिला, आणि पुन्हा गुडघ्याचाच एक्स-रे लिहायला लागली. मी सांगितलं की मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि दोन्ही खुब्यांचा फोटो हवा आहे. तिने पेन थांबवून विचारलं, व्हाय द हिप? मी काही भाषण दिलं नाही. तुम्ही स्वतः दुमडून बघा, एवढंच म्हटलं. तिने पाय दुमडला. मला तिचा चेहरा दिसत होता, मॅडम, आणि तो मला नको होता तसा बदलला. तिने हळूच पाय खाली ठेवला, नर्सला बोलावून सांगितलं की या मुलीने आता बेडवरून उतरायचं नाही, आणि फोन उचलला. आत एक्स-रेच्या खोलीत टेक्निशियन सवयीने तिला म्हणाला, बेटा, उतर के इधर आ जाओ. लेकीने पाय खाली सोडलाही होता. मी तिच्या पोटावर आडवा हात टाकला. मग आम्ही चौघांनी तिला चादरीसकट उचलून टेबलावर ठेवलं.

फोटो स्क्रीनवर आला तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. उजवीकडे सगळं जागच्या जागी. डावीकडे उतरंडीतलं वरचं मडकं खालच्यावरून सरकावं तसं. पडलेलं नव्हतं. सर्जन सुदानचे होते, वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी सांगितलं की डोकं परत जागेवर ढकलायचं नाही, ढकलताना शिरा तुटायची भीती. जिथे आहे तिथेच एका स्क्रूने धरून ठेवायचं, आणि ते उद्या सकाळीच. म्हणजे पाऊल थोडं बाहेर वळलेलं राहील. चालेल. रक्तपुरवठा टिकला का हे काही महिन्यांनी कळेल. इन्शाल्ला खैर, ते म्हणाले. लेकीने एकच प्रश्न विचारला, उद्याच्या रिलेचं काय, आणि त्यांनी उत्तर देण्याआधीच तोंड भिंतीकडे फिरवलं.

नवरा नमाज पढून आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ हातातली गाडीची किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी रोज तिला शाळेच्या गेटला सोडत होतो. रोज ती आत जाईपर्यंत बघत होतो. मला दिसलं कसं नाही?"

मी म्हटलं, "मलाही दिसत नव्हतं. मला कुणीतरी बघायला लावलं." आणि त्या कॉरिडॉरमध्ये, इतक्या वर्षांनी, मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं. तो ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, त्यांना मुलं होती का? मला ते माहीत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. शाळेच्या पोरी मैदानावर पळत होत्या तेव्हा माझी लेक भुलीतून जागी होऊन पाणी मागत होती. पुढचे काही आठवडे कुबड्या. या सगळ्यात तिच्या डाव्या खुब्याचा तो पंख्यासारखा स्नायू इतका वाळला की हाताला हाड लागायचं. तिने मला हात लावू दिला नाही, माझ्या क्लिनिकमधल्या सहकाऱ्याकडे जायचं ठरवलं, आणि ते बरंच झालं. एका कुशीवर झोपून पाय उचलणं, मग एका पायावर उभं राहणं, मग पायरी. कुबड्या सुटल्या तरी ती लोकांसमोर चालायची नाही. मॉलमध्ये आम्ही पुढे जायचो, ती मागून भिंतीच्या कडेने यायची. एकदा जेवताना तिने ताटाकडे बघत विचारलं, "डू आय वॉक वीअर्ड?" नवऱ्याने घाईने नाही म्हटलं. मी म्हटलं, "हो. अजून डावीकडे कलतेस. गेल्या महिन्यापेक्षा कमी." नवरा माझ्यावर चिडला. पण दुसऱ्या दिवसापासून व्यायामाचं तिला सांगावं लागलं नाही. आता ती जवळजवळ सरळ चालते. हाडाला रक्त मिळतंय. पळायला परवानगी अजून नाही.

एका गोष्टीचा निकाल मात्र लागलेला नाही. एक खुबा सरकला की दुसराही सरकू शकतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. सर्जनांनी विचारलं होतं की दुसरीकडेही आत्ताच स्क्रू घालून ठेवायचा का. मला हवा होता. नवऱ्याला चांगल्या पायाला सुरी लावणं पटेना. सर्जन म्हणाले, दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं आहे. शेवटी लेकीलाच विचारलं, आणि ती नको म्हणाली. म्हणून आम्ही ठरावीक काळाने एक्स-रे काढतो आणि वाट बघतो. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवते. नवराही थांबतो, हे माझ्या नुकतंच लक्षात आलं आहे.

आणि काल संध्याकाळी मी भात टाकत होते, तर ती किचनच्या दारात येऊन म्हणाली, "मम्मा, माय नी हर्ट्स. द अदर वन."

मी गॅस बंद केला. तिला सोफ्यावर आडवं व्हायला सांगितलं, हात धुऊन आलेच म्हटलं, बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली. नळ सोडला. किती वेळ तशी उभी होते मला सांगता येणार नाही. तिने बाहेरून हाक मारली तेव्हा आले. उजवा पाय धरला, दुमडला. गुडघा सरळ छातीकडे आला. पुन्हा दुमडला, पुन्हा सरळ आला. तोवर तिने ट्रॅकपँट वर सरकवून गुडघ्याखालचा हिरवट डाग दाखवला. वर्गात बाकावर आपटलं होतं. तरीही मी सर्जनांना फोन केला, आज फोटो काढून घ्यायचा ठरला, आणि आम्ही जेवलो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. तिच्या मांडीवर मी हात ठेवला तेव्हा तिने माझा तळवा उलटा करून पाहिला होता. नळ मी सोडला होता, पण हात त्याखाली धरायचं मला सुचलंच नव्हतं. दोन्ही हात कोरडे होते, मॅडम. तिने पाहिलं, आणि माझा हात परत आपल्या मांडीवर ठेवला.